मागे राहणाऱ्याच्या सोयीचे घर

निवृत्तीनंतर कोठे राहावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातला पेच आज असंख्य मराठी घरांत आहे, म्हणून त्याचे उत्तर अधिक सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी शिक्षिका असून येत्या मे महिन्यात वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होत आहे. यजमान दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. डोंबिवलीत आमची स्वतःची जागा आहे, पण ती तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. कुडाळ तालुक्यात यजमानांचे वडिलोपार्जित घर आहे आणि आता कायमचे तिकडेच राहायला जायचे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. मुलगी आणि जावई पुण्यात नोकरी करतात. त्यांच्या जवळपास राहावे असे मला वाटते. मुलगा कॅनडात असतो. डोंबिवलीची जागा विकून त्या पैशांत पुण्यात मुलीच्या नावावर मोठे घर घ्यावे आणि सर्वांनी एकत्र राहावे, असे तो सुचवतो. घरात रोज हा विषय निघतो आणि रोज तो अर्धवटच राहतो. आम्ही काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घर निवडताना साठीतली माणसे बहुधा पुढची पाच-सात वर्षे डोळ्यांपुढे ठेवतात. त्या वर्षांत दोघेही हिंडते-फिरते असतात, गाडी चालवता येते, पिशवीभर भाजी हातात घेऊन जिना चढता येतो, आणि त्यामुळे कोणतेही ठिकाण चालण्यासारखे वाटते. खरी कसोटी त्यानंतर, दोघांपैकी एकजण मागे राहिल्यावर लागते. आपल्याकडे नवरा-बायकोच्या वयातले अंतर आणि स्त्रियांचे सरासरी अधिक आयुर्मान लक्षात घेता, मागे राहणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नीच असते. म्हणून रोजच्या चर्चेत ‘गाव की पुणे’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून यजमानांना शांतपणे एवढेच विचारावे की, त्यांच्या पश्चात आपण त्या घरात एकट्या राहू शकाल असे त्यांना वाटते का. उलट बाजूचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे : आपण नसाल, तर त्या घरात त्यांना दोन वेळचे जेवण कोण देणार? या दोन प्रश्नांची उत्तरे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग एकमेकांना दाखवावीत. बोलताना जे अर्धवट राहते, ते लिहिताना पुरे करावे लागते.

यजमानांच्या इच्छेला मी हलके लेखत नाही. ज्या खळ्यात लहानपण गेले, तेथे म्हातारपण घालवावे ही ओढ खोल असते आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण ते त्यांचे गाव आहे आणि आपले ते सासर आहे, हा फरक अठ्ठावन्नाव्या वर्षीही पुसला जात नाही. त्यांना तेथे शाळेतले सोबती भेटतील, देवळातल्या बैठकीत जागा मिळेल. आपल्याला मात्र तेथे अमक्याची सून म्हणून ओळखणारी माणसे आहेत; तीस वर्षांच्या नोकरीतून आपण डोंबिवलीत जोडलेल्या मैत्रिणी, सहकारी आणि विद्यार्थी तेथे नसतील. शिवाय आपण दोघांनी गाव पाहिले आहे ते बहुतांशी गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात, म्हणजे वाडीतली सगळी घरे उघडी असताना, चुलते-पुतणे, सासुरवाशिणी, नातवंडे यांची दाटी असताना. गणपती पोचवून चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसले की त्याच वाडीत एकापाठोपाठ एक दारांना कुलपे लागतात आणि राहिलेल्या घरांतून बहुधा सत्तरी ओलांडलेली माणसेच उरतात. वर्षाचा मोठा भाग आपल्याला त्या वाडीत काढायचा आहे, हे गृहीत धरून विचार करावा.

घराचीही पाहणी या दृष्टीने करावी. जुने चिरेबंदी, कौलारू घर उन्हाळ्यात सुखाचे असते यात शंका नाही. परंतु पावसाळ्यापूर्वी ते दरवर्षी शाकारावे लागते. माकडांनी आणि पडलेल्या फांद्यांनी फोडलेली कौले बदलावी लागतात, आणि छपरावर चढणारी जाणकार माणसे आता गावोगावी कमी झाली आहेत. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये वादळी वाऱ्यात वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद होतो आणि मग पाणी रहाटाने किंवा कळशीने काढावे लागते. पडवीच्या पायऱ्या उंच असतात, प्रत्येक दाराला उंबरठा असतो, न्हाणीघर आणि शौचालय मागीलदारी असते. पावसाळ्यातल्या रात्री, शेवाळलेल्या चिऱ्यांवरून हातात विजेरी घेऊन तेथवर जाणे सत्तरीत किती धोक्याचे आहे, हे सांगण्याची गरज नाही. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे हिंडणेफिरणे त्या दिवसापासून थांबते. म्हणून त्या घरात चार दिवसांहून अधिक राहायचे असेल, तर निजायच्या खोलीला लागून शौचालय बांधणे हे पहिले काम. रंगरंगोटी, फरशी आणि झोपाळा यांचा विचार त्यानंतर करावा.

कागदपत्रांचा भागही आताच पाहावा. सातबारावर आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत? कोकणातली असंख्य घरे आजही सामाईक आहेत. चुलत भावंडांची संमती तोंडी असते आणि ती सध्याच्या पिढीपुरती टिकतेही. पण आपण त्या घरावर पाच-दहा लाख रुपये खर्च केले आणि उद्या एखाद्या पुतण्याने वाटप मागितले, तर त्या खर्चाचा हिशेब कोणीच मान्य करणार नाही. वाटणीपत्र होऊन नोंद झाल्याशिवाय मोठा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वैद्यकीय सोयींकडे वळू. सिंधुदुर्गनगरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे आणि ते कुडाळहून दूर नाही, ही मोठी सुधारणा आहे. तरीही गंभीर दुखण्यात आजही अनेक कुटुंबे रुग्णाला गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, आणि तो रस्ता दीड-दोन तासांचा आहे. पक्षाघाताच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तेथे रात्री सीटी स्कॅन होतो का, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वाडीपर्यंत येते की मुख्य रस्त्यावर थांबते, आणि वाडीतून रस्त्यापर्यंत रुग्णाला उचलून आणायला चार धडधाकट माणसे रात्री मिळतील का, याची चौकशी गावातल्या डॉक्टरांकडे आणि आशाताईंकडे करावी. त्यांना प्रत्येक घराची माहिती असते आणि त्या खरे सांगतात. वयाची सत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. त्यामुळे निवडलेल्या ठिकाणाजवळची कोणती रुग्णालये या योजनेत आहेत, तेही पाहून ठेवावे.

हे सगळे वाचून यजमानांना वाटेल की मी त्यांच्या विरोधात निकाल देत आहे. तसे नाही. आपण निवृत्त झाल्यावर येणारा पहिला पावसाळा, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा, दोघांनी गावच्या घरात सलग काढावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मधे डोंबिवलीला परतू नये, सामानसुमान तेथल्याच बाजारातून आणावे, दुखलेखुपले तर तेथल्याच डॉक्टरांकडे जावे. चार महिन्यांनंतरही दोघांना तेथेच राहावेसे वाटले, तर माझ्या शंकांना उत्तर मिळाले असे समजावे. आणि केवळ यजमानांनाच वाटले, तर कुडाळ शहरात, स्थानक, बाजार आणि दवाखाना यांच्या जवळ, तळमजल्यावरची छोटी जागा भाड्याने घेऊन तेथून गावच्या घरी येत-जात राहण्याचा पर्यायही आहे. कोकण रेल्वेमुळे कुडाळहून मुंबईला जाणे सोपे आहे, आणि एसटीत महिलांना व ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे तिकीट, तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे. तालुक्याच्या गावी राहणे हा मधला मार्ग आपल्याकडे फार कमी लोकांना सुचतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पुण्याच्या बाबतीतही अशीच पारख हवी. मुलीच्या जवळ राहण्याची आपली इच्छा योग्यच आहे, आणि पुढे एकटे राहण्याची वेळ आली तर तोच आधार सर्वांत मोठा ठरेल. मात्र ठिकाण निवडताना स्वतःला विचारावे की, उद्या मुलीची किंवा जावयांची बदली बंगळुरूला झाली, तरी या वस्तीत आपण आनंदाने राहू का? पायी जाता येईल असे वाचनालय, भाजीबाजार, औषधांचे दुकान, सकाळी बसायला बाग आणि बोलायला चार माणसे तेथे आहेत का? पुण्याच्या कडेच्या अनेक नव्या वसाहती दिसायला देखण्या आहेत, पण त्यांतल्या काही उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर चालतात, आणि साधी औषधाची पट्टी आणायलाही रिक्षा करावी लागते. नदीजवळची जागा असेल, तर निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते हे महापालिकेच्या नकाशावर पाहावे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या काही सोसायट्यांत पहाटे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या वृद्धांचे झालेले हाल ज्यांनी पाहिले ते ही चौकशी विसरणार नाहीत.

मुलाच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे, आणि तो मुलीवरच्या अविश्वासातून नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली गेली नाही तर, निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मिळवता येते. परंतु त्यासाठी आपण मालमत्ता दिली हे आणि ती कोणत्या अटीवर दिली हे कागदावर दिसावे लागते. घर सुरुवातीपासूनच मुलीच्या नावावर घेतले, तर आपण दोघे त्या घरात कागदोपत्री पाहुणेच ठरता. मुलगी कितीही प्रेमळ असली, तरी तिच्या घरात जावयांचे आई-वडीलही राहायला येऊ शकतात, घरावर कर्ज काढले जाऊ शकते, आणि दुर्दैवाने तिच्या संसारात काही बिनसले तर आपले छप्पर न्यायालयाच्या दारात जाऊन उभे राहील. आई-वडिलांच्या पैशांतून घेतलेले घर आई-वडिलांच्याच, म्हणजे आपल्या दोघांच्या, संयुक्त नावावर असावे. त्यानंतर ते कोणाला द्यायचे, हे मृत्युपत्रात लिहावे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सोसायटीत केलेले नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

राहिली डोंबिवलीची जागा. ती निदान दोन वर्षे विकू नये. मुंबई महानगर प्रदेशातून एकदा बाहेर पडलेल्या माणसाला तेथे पुन्हा घर घेणे किती अवघड जाते, हे आपण जाणताच. शिवाय लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास आज ना उद्या होतो आणि तेव्हा हातात जागा असलेली बरी. ती अकरा महिन्यांच्या, नोंदणी केलेल्या भाडेकराराने द्यावी. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावील, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक लावता येत नाही. त्या भाड्यातून कुडाळचे किंवा पुण्याचे भाडे बहुतांशी निघावे. पुढे विकायचे ठरलेच, तर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा दोन वर्षांत दुसरे घर विकत घेण्यात किंवा तीन वर्षांत घर बांधण्यात गुंतवल्यास करातून सूट मिळते. गावच्या घराची डागडुजी सहसा या सवलतीत बसत नाही, त्यामुळे व्यवहारापूर्वी सनदी लेखापालांना भेटावे.

माझा कल विचाराल तर तो असा : पहिला पावसाळा गावी, त्यानंतरचे वर्ष पुण्यात मुलीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, पण स्वतंत्र बिऱ्हाड करून, भाड्याने. हे वर्ष मानवले तर कायमचा मुक्काम पुण्यात असावा आणि दिवाळीनंतर मेपर्यंत हवे तितके दिवस गावी जावे. जेथे शेवटी एकट्याने राहायचे आहे, तेथे ओळखी व्हायला वर्षे लागतात. त्या ओळखी दोघे असतानाच व्हाव्यात.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक असून नागपूरला राहतो. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली, मुले परदेशी आहेत. पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक संकुलात मोठी अनामत रक्कम भरून आयुष्यभर राहण्याची सोय आहे. माहितीपत्रक उत्तम आहे. निर्णय घेण्यापूर्वी काय पाहावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सर्वप्रथम, आपल्याला तेथे मालकी मिळते की केवळ राहण्याचा हक्क, हे करारात पाहावे. केवळ राहण्याचा हक्क असेल, तर अनामत रकमेतून दरवर्षी किती कापले जाते, आपण सोडून गेलात किंवा निवर्तलात तर उरलेली रक्कम कोणाला आणि किती दिवसांत परत मिळते, आणि संस्था अडचणीत आली तर त्या रकमेला तारण काय, हे प्रश्न लेखी विचारावेत. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. अशा अनामत रकमेला तसे कवच नसते. आपली सगळी शिल्लक एका संस्थेच्या हवाली करावी लागत असेल, तर तेथे जाऊ नये.

दुसरे कलम आजारपणाचे, आणि माझ्या मते संपूर्ण करारातले तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. अनेक करारांत ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या’ व्यक्तींनाच राहता येईल असे वाक्य कोठेतरी मधल्या पानावर असते. अंथरुणाला खिळल्यावर किंवा विस्मरणाचा आजार जडल्यावर आपल्याला तेथेच ठेवून घेतील का, शुश्रूषेचा खर्च वेगळा लागेल का, आणि नाही ठेवले तर आपल्याला कोठे नेतील, याचे उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये. माणूस अशा संकुलात जातो तोच मुळी त्या दिवसांच्या धास्तीने.

नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक पाहावा. ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. त्यांत चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट आणि रुंद दारे, उताराचे रस्ते, आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी अशा गोष्टी आहेत. त्या तेथे आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे. पाहुण्यांच्या खोलीत पंधरा दिवस पैसे भरून राहावे, तेथलेच जेवण दोन्ही वेळा जेवावे, आणि व्यवस्थापक सोबत नसताना तेथल्या रहिवाशांशी बोलावे. मासिक शुल्क पाच वर्षांपूर्वी किती होते आणि आज किती आहे, हे त्यांना तोंडपाठ असते.

नागपूरचे घर तोपर्यंत तसेच ठेवावे. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी आता गावाला परतावे लागत नाही; जीवन प्रमाण हा दाखला भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमन घरी आल्यावरही देता येतो.

प्रश्न : आम्ही बडोद्याचे मराठी. माझे वय ७२, पती हयात नाहीत. पुण्यातले भाऊ-भावजय म्हणतात, आता आपल्या माणसांत या. माझे स्वतःचे घर येथे आहे आणि पंचेचाळीस वर्षांचा शेजार आहे. मन होत नाही. माझे चुकते का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : मुळीच चुकत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळापासून बडोद्यात मराठी कुटुंबे नांदत आहेत; तेथे आपण परमुलुखात नाही. भावाच्या घरी प्रेम मिळेल, पण दिवसभरात दार वाजवून ‘काय करताय’ असे विचारणारी शेजारीण ७२व्या वर्षी नव्याने मिळत नाही, आणि भावाचे वयही बहुधा आपल्याच आसपासचे असणार. म्हणजे काही वर्षांनी आधाराची गरज त्यांनाही लागेल. आपण आहात तेथेच राहावे. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवून घ्यावी, घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे ठेवावी, आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी भावाला दूरध्वनी करावा. तो दूरध्वनी आला नाही, तर भावाने किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना लगेच कळवायचे, एवढे दोन्ही बाजूंना सांगून ठेवावे. हिवाळ्यात महिनाभर पुण्याला जाऊन यावे. भावजयीला हे पत्र दाखवायला हरकत नाही.